मोरीच्या पाण्यावरची केळ

संपादक मित्रानं कविता मागितली होती. कविता नाही. दोन महिने रातपाळीच लागलीय, डोक्यात रिंगफ्रेमचा आवाज घर करून बसलाय, त्यात ओळ सुचत नाही. म्हणून केळीबद्दल लिहितो.

हसू नका. अभ्यासवर्गात मी हे पहिल्यांदा बोललो तेव्हा सगळे हसलेच होते. मी म्हटलं, आमच्या वस्तीमागं बसराई केळीची साठ झाडं लावलीत, जुनं वाण आहे, गेलंच होतं, पुन्हा वाढवतोय, रासायनिक खत नाही. तर एक मित्र म्हणाला, "मग आता गोमूत्र पण शिंपडतो का रे? सदरा कधी शिवतोस खादीचा?" बाकीचे खो खो. मीही हसलो. त्याचं सगळंच चूक नव्हतं. गावाची, मातीची, जुन्या बियाण्याची गोडी लागलेले जे लोक शहरातून येतात, त्यांना गाव दिसतं आणि गावाबाहेरची वस्ती दिसत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब गावाबद्दल काय बोलले ते आपल्याला माहीत आहे. 'वारसा' म्हटलं की मला आधी महारकी आठवते. ती पण वारशानंच मिळायची. हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि त्याच्या बदल्यात चोवीस तासांची राबणूक, बापाकडून पोराला.

तरी पण ही केळ आमच्याकडं कशी आली ते सांगितलं पाहिजे. कारण ते कोणी लिहिणार नाही. उलटं लिहिलं जाईल. जायला लागलंय.

आमचं गाव तापीच्या खोऱ्यात, केळीच्या पट्ट्यात. नाव लिहीत नाही, लिहिलं तर मायला त्रास होईल. माझा आजा सालदार होता. सालदार म्हणजे अक्षयतृतीयेला बोली करायची आणि वर्षभर मालकाचा. रात्री पाणी भरायला बोलावलं तर रात्री, पहाटे बैल सोडायला तर पहाटे. त्या मालकाची चाळीस एकर केळी होती, सगळी बसराई. तेव्हा सगळ्या जळगाव जिल्ह्यातच बसराई होती. रावेर, यावल, सावदा, निंभोरा, तिथून रेल्वेच्या वाघिणी भरून दिल्लीकडं जायची ती हीच. बुटकी केळ. पाच-सहा फुटांवर जात नाही. बुंधा जाड, पानं रुंद, एकमेकांना चिकटून. घड पंधरा-वीस किलोचा. पिकली तरी सालीवर हिरवट झाक राहते, आत गोड. शिंदीच्या झाडाखाली बसून आजा सांगायचा, "बसराई म्हंजे बुटकी बाई, कंबरेत वाकत नाई." वादळ आलं की उंच झाड मोडतं, ही उभी राहते, असा त्याचा अर्थ.

१९९० नंतरच्या दशकात ग्रँड नाईन आली. उतिसंवर्धित रोपं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली. एकसारखी वाढतात, अकरा-बारा महिन्यांत घड तयार, बसराईला दीड वर्षाच्या आसपास लागायचं. घड पंचवीस-तीस किलोचा. ठिबकवर चालते. मालकाच्या हिशेबानं हे बरोबरच होतं, मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्याची जमीन त्यानं तिच्यात काय लावायचं ते ठरवावं. प्रश्न ज्याची नाही त्याचा आहे.

१९९६ चा उन्हाळा. मी जन्मायला अजून दोन वर्षं होती, हे सगळं आजाच्या तोंडून ऐकलेलं. मालकानं बसराईचा शेवटचा बाग उपटायला सांगितला. नांगर लावला. कंद उकरून बांधावर ढीग घातले, वाळून मरायला. आजा सांगायचा की ढिगातल्या कंदांना चार दिवसांनी पण कोंब येत होते. केळीला बी नसतं. मायच्या बुडाला पिल येतं, माय एकदा निसवते, घड देते, कापली जाते, पिल उभं राहतं. म्हणजे झाड एकच, शंभर वर्षं चालत आलेलं. आजानं त्यातले सात मुनवे पोत्यात घातले, डोक्यावर घेतले आणि घरी आणले. मालक म्हणाला, "काय करतो रे घेऊन, गुरं खात नाहीत ते." आजा म्हणाला, "मोरीपाशी लावतो, सावली होईल."

एवढंच. जैवविविधता जपायची म्हणून नाही, वारसा म्हणून नाही. मोरीपाशी आडोसा नव्हता. आजी, माय, आत्या उघड्यावर आंघोळ करायच्या, पहाटेच्या अंधारात. केळीची पानं आडवी आली की आडोसा होतो. त्या सात मुनव्यांचं बेट झालं आणि आमच्या घरच्या बायका उजेडात आंघोळ करू लागल्या. आजी म्हणायची, आम्हाले न्हाणीघर केळीनं दिलं.

ते बेट तीस वर्षं जगलं. कोणी खत घातलं नाही, पाणी घातलं नाही. आंघोळीचं पाणी जायचं तेच. घड लहान, फण्या चार-पाच. पण दरवर्षी.

माझी माय मालकाच्याच बागेत जाते. तिचं काम पिलं कापण्याचं. ग्रँड नाईनच्या बुडाला पिल आलं की विळ्यानं छाटायचं, नाहीतर ते मायचं अन्न खातं आणि घडाचं वजन घटतं. दर महिन्या-पंधरा दिवसांनी रांगच्या रांग. माझी माय दिवसभर वाकून पिलं मारते, त्याची रोजी घेते आणि घरी येऊन मोरीपाशी पिलांना राख घालते. हे मी कवितेत लिहून पाहिलं होतं. फार बोलकं वाटलं, फाडून टाकलं. इथं नुसतं सांगतो.

बाप मी नववीत असताना गेला. त्याच्यावर दुसरीकडं कधीतरी लिहीन. शाळा सुटली, सूतगिरणीत लागलो. आधी डॉफर, भरलेली बॉबिनं काढायची, रिकामी लावायची. आता सायडर आहे. सुटी अर्ध्या तासाची. कापसाचे तंतू पापण्यांवर बसलेले असतात, ते पुसत मोबाईलवर वाचतो. जे काय शिकलो ते त्या अर्ध्या तासात आणि तालुक्याच्या वाचनालयात.

असंच एका रात्री बसराईबद्दल शोधत बसलो. कळलं ते असं. ही जात कॅव्हेंडिश कुळातली, बुटकी कॅव्हेंडिश. ग्रँड नाईन पण त्याच कुळातली, म्हणजे नात्यानं बहिणीच. नाव कॅव्हेंडिश कुठून आलं? इंग्लंडात डेव्हनशायरचा ड्यूक होता, विल्यम कॅव्हेंडिश. त्याच्या चॅट्सवर्थच्या वाड्यात काचघर. तिथं जोसेफ पॅक्स्टन नावाचा माळी. १८३० च्या दशकात मॉरिशसकडून आलेलं केळीचं झाड या माळ्यानं वाढवलं, त्या थंडीत त्याला घड आणला आणि नाव दिलं मालकाचं. राबला माळी, नाव ड्यूकचं. आज जगात परदेशी जी केळी विकली जातात ती बहुतेक सगळी या नावानं. मी मोबाईल बंद केला आणि बराच वेळ फ्रेमकडं बघत बसलो. सुपरवायझर ओरडला तेव्हा उठलो.

कॅव्हेंडिशच्या आधी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाची केळी होती. पनामा रोगानं, म्हणजे मुळातून शिरणाऱ्या मर बुरशीनं, १९६० च्या आसपासपर्यंत तिचे मळेच्या मळे गेले. मैलोन्‌मैल एकच जात, एकाला रोग तर सगळ्यांना. मग कॅव्हेंडिश आणली, ती त्या बुरशीला दाद देत नव्हती. आता त्याच बुरशीचा नवा प्रकार आलाय, टीआर-४. तो कॅव्हेंडिशलाही मारतो. बिहार, उत्तर प्रदेश, सुरत आणि आमच्या रावेरला लागून असलेलं बऱ्हाणपूर, इथं तो सापडल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलंय. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बसराई लावली की टीआर-४ पासून सुटका, असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. बसराई पण कॅव्हेंडिशच. ती पण मरेल. मी चमत्कार विकत नाही.

आणखी एक सापडलं. डिसेंबर १९२८. कोलंबियातल्या सिएनागा गावात युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळी कामगारांचा संप, आणि त्यांच्यावर लष्करानं चालवलेल्या गोळ्या. किती मेले त्यावर अजून वाद आहे. मी वर्ष पाहिलं आणि चरकलो. १९२८ म्हणजे मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपाचं वर्ष. त्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नव्हते. धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार कसा धरणार? बाबासाहेबांनी तो प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. आणि त्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं. केळी, गिरणी, जमीन, तिन्ही एका वर्षात. याचा एकमेकांशी काही संबंध नाही असं पंडित म्हणतील. म्हणोत. मी केळीच्या पट्ट्यातला, गिरणीतला, बिनजमिनीचा माणूस आहे. संबंध माझ्या अंगावर आहे.

जमिनीचं सांगतो.

आजा १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन जेलमध्ये गेला होता. लाखांवर लोक गेले होते तेव्हा. बावीस वर्षांचा होता. जेलमधल्या भाकरीची चव सांगायचा, बाकी फारसं नाही. १९८३ मध्ये त्यानं वस्तीला लागून असलेल्या गायरानातला एकरभर तुकडा फोडला. दगड वेचले, ज्वारी पेरली. मालकाचं काम संपवून रात्री कंदिलावर. तलाठ्यानं अतिक्रमण म्हणून दंड केला, आजानं तो भरला आणि पावती जपून ठेवली. त्याला कोणीतरी शहाण्यानं सांगितलं होतं, दंडाची पावती हाच आपला सातबारा. १९९१ मध्ये सरकारनं निर्णय काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायची. आजानं अर्ज केला. उत्तर आलं नाही. पुन्हा केला. २०१८ मध्ये आजा गेला, उत्तर आलेलं नव्हतं.

२०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरची अतिक्रमणं वर्षाअखेर काढायला सांगितलं. नोव्हेंबरात आमच्याकडं नोटीस आली, आजाच्या नावानं, मेलेल्या माणसाच्या. मी कागद शोधायला बसलो. गायरानाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल मिळवून वाचला, अर्धा कळला, अर्धा एका वकील साथीनं समजावला. त्यात भूमिहीन आणि अनुसूचित जातींना सरकारी निर्णयानं दिलेली जागा अपवाद म्हणून धरलीय. म्हणजे दार बंद नव्हतं. फक्त १९९० च्या आधीपासून वहीत आहे हे दाखवायचं. ट्रंकेतली दंडाची पावती काढली. कसरीनं नेमका वरचा उजवा कोपरा खाल्लेला. तारखेचा. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक-ई, अतिक्रमणाची नोंदवही, त्यात आमचं पान नाही.

माय म्हणाली, "जमीन पडीक ठिवू नको. पडीक दिसली का गेली."

कोरडवाहू ज्वारीला चार महिने, बाकी आठ महिने तुकडा उघडा. बारमाही काहीतरी उभं पाहिजे होतं. बारमाही म्हणजे केळ. आणि केळ म्हणजे आमच्याकडं एकच, मोरीची. तर दोस्तांनो, असं हे वाण-संवर्धन. बुलडोझरपुढं उभं करायला काहीतरी हिरवं हवं होतं. आमच्या गावात पुढं बुलडोझर आला नाही, पण नोटीस घरात आहे.

२०२३ च्या जूनमध्ये, मृगात, लावली. बेटातून आणि बेटाच्या पिलांतून साठ मुनवे निघाले. निमुळत्या, तलवारीसारख्या पानांचे घ्यायचे, रुंद पानांचे पाणपिल नाही. अर्धा-पाऊण किलोचा कंद, मुळ्या तासून. पाच बाय पाच फुटांवर खड्डे. एकरात सतराशेवर बसतात, आमची साठ. कारण पाणी.

केळ पाणी पिते, त्यात खोटं बोलून उपयोग नाही. उन्हाळ्यात झाडाला दिवसाला पंधरा लिटर तरी. गायरानात विहीर नाही, मालकाकडं मागितली तर तो देईल, आणि मग जमीन त्याचीच होईल. तेव्हा मायनं गणित मांडलं. आमच्या वस्तीत अकरा घरं. पन्नासच्या वर माणसं. माणशी आंघोळीची एक बादली. तेवढं सगळं पाणी रस्त्यावर डबकं करून डास पोसतं. गायरान उताराला. आम्ही तिघा-चौघांनी चार रविवार खपून सगळ्या मोऱ्यांना एक चारी जोडली, मध्ये वाळू-खडीचा एक खड्डा, पुढं चारी केळीत. साठ झाडांना नऊशे लिटर. बरोबर बसलं.

पहिल्या वर्षी चूक झाली. धुण्याचं पाणी पण त्यातच सोडलं. पावडरीनं पानांच्या कडा जळाल्या, माती वरून पांढरी पडायला लागली. सहा झाडं खुरटली. मग धुण्याचं पाणी वेगळं काढलं, फक्त आंघोळीचं आणि राखेनं घासलेल्या भांड्यांचं. त्यासाठी अकरा घरच्या बायकांना पटवायला लागलं, आणि ते मी नाही, मायनं केलं. मी भाषण केलं होतं, त्याचा उपयोग झाला नाही.

खताचं म्हणाल तर ज्या मित्रानं गोमूत्र विचारलं त्याच्यासाठी: वस्तीत गाय एक पण नाही. शेळ्या आहेत, सव्वीस. लेंडीखत. ते कुजवून प्रत्येक बुंध्याला टोपलीभर. मध्ये ताग पेरला, फुलावर यायच्या आधी जागेवरच गाडला. कापलेलं खोड, वाळलेली पानं बाहेर टाकायची नाहीत, चिरून तिथंच अंथरायची, ओल टिकते आणि त्याचंच खत होतं. पश्चिमेला शेवरीची दाट ओळ, मे महिन्यातल्या वाऱ्याला. काकडी, टरबूज, टोमॅटो, मिरची केळीत घ्यायची नाही, त्यांच्यावरचा मावा हरण्या रोग आणतो. आमच्याकडं त्या रोगानं बागा उपटाव्या लागल्यात. यातलं अर्धं आजाच्या पिढीतल्या सालदारांना तोंडपाठ होतं. आणि त्याला ते 'टिकाऊ शेती' म्हणत नव्हते, विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून करत होते. ही शेती हात मागते. पुस्तकात खर्च कमी लिहितात. हाताची रोजी मोजली तर कमी नाही. आमच्याकडं रविवारची मायची आणि माझी रोजी कोणी मोजत नाही, म्हणून ती स्वस्त.

२०२४ च्या दसऱ्यानंतर पहिले घड कापले. सोळा-सतरा किलोचे. बाजारच्या दिवशी माय दोन टोपल्या घेऊन बसली. दुपारपर्यंत चांगलं चाललं. मग गावातला एकजण आला, घेणाऱ्या बायांकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "म्हारवाड्याच्या मोरीवरची हाये ती. बाटून घेता काय?" तो काही मोठा माणूस नाही, त्याची स्वतःची तीन एकर, कर्जात. पण वाक्य लागलं. टोपली तशीच परत आली.

बाया रासायनिक औषध मारलेली केळी घेतात. कार्बाईडनं पिकवलेली घेतात. आमच्या अंगावरून वाहिलेलं पाणी चालत नाही. वाळू-खडीतून, मातीतून, मुळातून, बुंध्यातून, दीड वर्ष गाळून गेलं तरी ते आमच्या अंगावरचंच राहतं. महाडचं तळं १९२७ सालचं. मी त्या रात्री फ्रेमवर चार वेळा धागा चुकवला.

ती केळी आम्ही ६ डिसेंबरला दादरला नेली. वस्तीतले नऊ जण गेलो, चार घड पोत्यात, अर्धी गाडीत वाटली, अर्धी शिवाजी पार्कच्या रांगेत. नांदेडकडची एक म्हातारी दोन खाऊन म्हणाली, लहानपणी अशी खाल्ली होती. साल पिशवीत ठेवलं तिनं, रस्त्यावर टाकलं नाही.

त्याच सुमाराला शहरातून लोक आले. जुनी वाणं शोधणारे. गाडी मालकाच्या दारात थांबली, साहजिकच. मालक म्हणाला, बसराई आता कुठं, आमच्या एका गड्याकडं असेल. आमच्याकडं आले. चांगले लोक होते, वाईट म्हणणार नाही. पानांचे, कंदाचे, मायच्या हातांचे फोटो घेतले. एका बाईनं मायला विचारलं, "हे वाण तुम्ही इतकी वर्षं का जपलंत?" माय म्हणाली, "जपाचं काय त्यात? मोरीले आडोसा होता." त्यांनी ते लिहून घेतलं नाही. मी वही बघत होतो.

पंधरा दिवसांनी मालक स्वतः वस्तीत आला. पायी. मी दुसऱ्या पाळीला होतो. आयुष्यात पहिल्यांदा तो आमच्या मोरीपाशी उभा राहिला आणि वीस पिलं मागितली. त्याला त्या लोकांनी सांगितलं होतं की जुन्या वाणाचा एक वेगळा बाग करा, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, अशा मालाला गिऱ्हाईक वाढतंय.

रात्री घरी आलो तर वीस पिलांची जागा रिकामी. मायनं दिली होती. मी खूप बोललो. जे बोललो ते इथं लिहीत नाही. ज्यानं बांधावर वाळत घातली त्यालाच? माझ्या आजानं डोक्यावर वाहिलेली? तू त्याच्याकडं रोजानं जातेस म्हणून भ्यालीस का? शेवटचं वाक्य बोलायला नको होतं.

माय भाकरी थापत होती. म्हणाली, "पिल कोनी मांगतलं तं नाही म्हनू नये. तुह्या आजानं कायले आनलं होतं? मराले टाकलं होतं म्हनून." मग बहिणीला म्हणाली, "तो कागद दाखव त्याले."

बहीण बारावीला आहे. तिच्या अक्षरात कागद होता. गट नंबर. पूर्वेस नाला, पश्चिमेस बौद्ध वस्ती. सदर जागा आजाचं पूर्ण नाव, हे १९८३ पासून वहीत करीत होते हे मला समक्ष माहीत आहे, कारण ते त्या काळी माझ्याकडे सालदार म्हणून कामास होते. सदर जागेतील केळी त्यांच्या वारसांनी लावलेली आहे. खाली मालकाची सही, तारीख, दोन साक्षीदार, त्यातला एक त्याचा स्वतःचा चुलतभाऊ.

मालक सही करायला अर्धा तास रेंगाळला म्हणे. १९८३ च्या जागी "बऱ्याच वर्षांपासून" लिहा म्हणाला. माय म्हणाली, "नाना, पिलं पोत्यात बांधून ठिवली हायेत. जसं लिव्हलं तसं सही होऊ द्या, मंग न्या." बहीण सांगत होती, मायचा हात तेव्हा पोत्याच्या तोंडावर होता, सुटलाच नाही.

मी कागद तीन वेळा वाचला. दोन वर्षं मी वकील, निकाल, भाषण, अर्ज करत होतो. त्या गावात १९८३ चं साल छातीठोक सांगू शकेल असा जिवंत जमीनवाला माणूस एकच होता, आणि त्याच्याकडून ते कसं काढायचं हे मला सुचलं नव्हतं.

जानेवारीत मालकाच्या शेतात रस्त्याच्या कडेला पाटी लागली. "पारंपरिक बसराई वाण संवर्धन प्रक्षेत्र", खाली त्याचं नाव, मोठ्या अक्षरात. मी एका रात्री ऑईल पेंटचा डबा आणि ब्रश घेऊन निघालो होतो. माय दारात झोपली होती. डोळे न उघडता म्हणाली, "पाटीवर नाव पायजे का सातबाऱ्यावर?" डबा अजून घरात आहे. पाटीही आहे. मला ती रोज दिसते, कामावर जाताना आणि येताना. पॅक्स्टन आठवतो. राग गेलेला नाही, जावा असंही वाटत नाही.

तो कागद, कसरीनं खाल्लेली पावती, केळीचे फोटो आणि आजाच्या मृत्यूचा दाखला लावून अर्ज तहसिलात दिलाय. साप्ताहिक सुटीच्या दिवशी पाच वेळा जाऊन आलो. "चौकशीवर आहे" एवढं कळलं. सर्कल येऊन जागा बघून गेला, त्यानं साठ झाडं मोजली आणि साठ लिहिलं, हे मी उभं राहून बघितलं.

मे महिन्यातल्या वादळात आसपासच्या बागांत ग्रँड नाईनच्या रांगा झोपल्या, घडांसकट. आमच्या साठातली चार वाकली, बांबू लावून उभी केली. पहिली माय-झाडं आता कापून झालीत, पिलबाग उभा आहे. नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं तेव्हा लोक अर्ध्या बादलीत आंघोळ करतात, आणि केळीच्या पानांवरून ते लगेच कळतं.

आता कामाचं. ज्या साथींच्या वस्तीला मोरी आहे आणि मोरीपुढं हात-दोन हात जागा आहे, गायरानाचा तुकडा असेल तर उत्तमच, त्यांनी मृगाच्या आधी या. माणशी दोन पिलं. पैसे आणू नका, पोतं आणा. आमची माती नेऊ नका आणि तुमची आणू नका. बुरशी मातीतून जाते, बऱ्हाणपूर जवळ आहे. कंद धुऊन, मुळ्या तासून देऊ. माय एक प्रश्न विचारील, जागा कोणाच्या नावावर आहे. उत्तर नाही आलं तरी पिल मिळेल, पण त्या दिवशी बहीण तुमच्यासोबत बसून अर्ज लिहील, तेवढा वेळ काढून या. रविवारी मी असतो. रातपाळी असली तर दुपारनंतर.